मिग-२१ : पाटीवर काय लिहावं?

नाशिककडच्या माणसाला 'मिग' म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक विमान आणि दुसरी नोकरी. आणि खरं सांगायचं तर नोकरी आधी आठवते! "मुलगा मिगमध्ये आहे" एवढं वाक्य एके काळी मुलीच्या बापाला पुरेसं असायचं. हिंदुस्थान एरोनॉटिक्स हे कारखान्याचं खरं नाव, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. आम्हा बाकीच्यांसाठी ते मिगच. ओझर गावालासुद्धा लोक 'ओझर मिग' म्हणू लागले, म्हणजे खंडोबाच्या यात्रेचं आणि द्राक्षांचं ओझर वेगळं आणि विमानांचं वेगळं. ज्या गावाला विमानाचं नाव चिकटलं अशी गावं देशात किती असतील?

ते मिग-२१ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. भारतीय वायुसेनेत ते १९६३ मध्ये चंदीगडलाच दाखल झालं होतं. म्हणजे बासष्ट वर्षांची नोकरी. आम्हा शिक्षकांना अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल आणि नारळ देऊन घरी पाठवतात, तेही जन्मल्यापासूनची वर्षं मोजून. या विमानाने नोकरीतच बासष्ट काढली. निरोपाच्या दिवशी टीव्हीवर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी दाखवली, वायुसेनाप्रमुखांनी स्वतः ते विमान उडवलं, आणि मग बातम्यांत दोन तट पडले. एक म्हणे, देशाचा शूर योद्धा निवृत्त झाला. दुसरा म्हणे, बरं झालं, एकदाची ती उडती शवपेटी बंद झाली.

मंडळी, मला हे दोन्ही अपुरं वाटतं. आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे गप्पही बसवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी नावाची गंमत. मिग हा एक शब्द नाही. मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत विमानरचनाकारांच्या नावांची ती आद्याक्षरं. मधली 'इ' म्हणजे रशियन भाषेतलं 'आणि'. म्हणजे आपण मिग म्हणतो तेव्हा 'मिकोयान आणि गुरेविच' असंच म्हणत असतो. वर्गात हे सांगितलं की मुलं आपापल्या जोड्यांची नावं पाडायची!

या विमानाचा जन्म १९५० च्या दशकातला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचं शीतयुद्ध जोरात होतं. अणुबॉम्ब घेऊन येणाऱ्या शत्रूच्या विमानांना वाटेतच गाठायचं, तर झेप वेगवान हवी. म्हणून मिग-२१ ची रचना अगदी काटकसरीची केली गेली. एकच इंजिन, तेही मोठं. त्रिकोणी छोटे पंख. वैमानिक एकटा. इंधन बेताचंच. ध्वनीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर जायचं, काम करायचं आणि परत यायचं. लांबचा प्रवास हे त्याचं काम नव्हतंच. स्वस्त, साधं, पुष्कळ संख्येने बनवता येणारं विमान. जगभरात अकरा हजारांहून जास्त बनली. ध्वनीपेक्षा वेगवान विमानांत एवढी संख्या दुसऱ्या कुठल्याच विमानाला गाठता आलेली नाही.

आपल्याकडे ते कसं आलं? पाकिस्तानला अमेरिकेकडून स्टारफायटर ही ध्वनीपेक्षा वेगवान विमानं मिळाली होती. आपल्याला तोडीस तोड हवं होतं. सोव्हिएत संघाने नुसती विमानं नव्हे, तर ती भारतात बनवण्याचा परवानाही देऊ केला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये करार झाला. दोनच महिन्यांत चीनचं आक्रमण झालं, कृष्ण मेनन यांना जावं लागलं, आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा घरोघर म्हटलं जायचं. पण सह्याद्रीला लोकसभेत जागा हवी होती. ती नाशिकने दिली. १९६३ मध्ये यशवंतराव नाशिकमधून बिनविरोध निवडून गेले. आणि १९६४ मध्ये मिगचा कारखाना ओझरला आला. या दोन गोष्टींचा संबंध नाशिककर आजही चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगतात. विमानाची कामं तीन ठिकाणी वाटली होती. सांगाडा आणि जुळणी नाशिकला, इंजिन ओरिसातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. पण पूर्ण विमान डोळ्यांनी दिसायचं आणि आकाशात झेपावायचं ते ओझरच्या धावपट्टीवरून. म्हणून मान नाशिकचा!

आता हा काळ डोळ्यांसमोर आणा. निफाड तालुका तेव्हा ऊस, गहू आणि कांद्याचा. द्राक्षांच्या बागाही आजच्यासारख्या सगळीकडे पसरलेल्या नव्हत्या. ट्रॅक्टर आला तर पोरं मागे धावायची. अशा ठिकाणी एकदम जगातलं अत्याधुनिक लढाऊ विमान बनवायचं. सुरुवातीला सुटे भाग सोव्हिएत संघातून खोक्यांत यायचे आणि इथे जोडले जायचे. मग हळूहळू भाग इथे बनू लागले, आणि १९७० पर्यंत कच्च्या मालापासून पूर्ण विमान ओझरला तयार होऊ लागलं. एफएल, मग एम, मग बिस, असे एकामागून एक प्रकार निघाले. १९८० च्या दशकापर्यंत सहाशेच्या आसपास मिग-२१ नाशिकमधून बाहेर पडली. पुढे मिग-२७ बनलं, सुखोई बनलं. जुन्या मिग-२१ बिसना नवं रडार आणि नवी क्षेपणास्त्रं देऊन 'बायसन' करण्याचं कामही इथेच झालं.

ही विमानं बनवली कोणी? परदेशात शिकून आलेले इंजिनियर होतेच. पण हातोडी आणि रिव्हेट ज्यांच्या हातात होते ते बरेचसे आयटीआय झालेले, आसपासच्या तालुक्यांतले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले तरुण होते. वसाहतीत मराठी, तामीळ, बंगाली, पंजाबी, मल्याळी एकाच नळावर. त्यांची मुलं आमच्या शाळेत असायची. पालकसभेला वडील येत ते कंपनीच्या बसमधून उतरून, डबा हातात तसाच घेऊन. मुलाचा भूमितीचा पेपर हातात घेतला की आधी आकृती बघत. त्रिकोणाची रेघ जराशी सुटली असली तर मार्कांपेक्षा त्याचं दुःख जास्त! मला त्या वेळी हसू यायचं. नंतर कळलं, की ज्याच्या कामात केसाएवढा फरक चालत नाही, त्याला सुटलेली रेघ दिसणारच.

या विमानाने काय केलं, तेही थोडक्यात सांगायला हवं. १९६५ च्या युद्धात ती मोजकीच होती. १९७१ मध्ये मात्र त्यांचा दिवस आला. १२ डिसेंबरला जामनगरजवळ कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी मिग-२१ मधून पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं. ज्या विमानाच्या भीतीने आपण मिग घेतलं, तेच! १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नर हाऊसमध्ये बैठक चालू असताना विंग कमांडर बिष्णोई यांच्या नेतृत्वाखाली मिग-२१ विमानांनी त्या इमारतीवर रॉकेट्स सोडली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला आणि दोन दिवसांत पूर्व पाकिस्तानातलं सैन्य शरण आलं. वायुसेनेच्या ताफ्यात तेव्हा नाशिकच्या हातांनी जुळवलेली बरीच विमानं होती. कारगिलच्या वेळी २७ मे १९९९ रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपल्या सोबत्याचा शोध घेत असताना मिग-२१ मध्येच होते. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. ज्यांना ते शोधत होते, त्या नचिकेत यांचं मिग-२७ हेही ओझरच्याच कुळातलं. आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अभिनंदन वर्धमान ज्या विमानातून उडाले, ते होतं मिग-२१ बायसन.

इथवरचा इतिहास कुठल्याही संग्रहालयात सापडतो. आता दुसरी बाजू.

२०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत माहिती दिली, की रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे ४८२, अपघातांत गेली होती. त्यात १७१ वैमानिक गेले आणि ३९ नागरिक. हे आकडे सगळ्या मिग प्रकारांचे आहेत, पण त्यात मोठा वाटा मिग-२१ चा. त्यानंतरही अपघात थांबले नाहीत. मे २०२३ मध्ये राजस्थानात हनुमानगड जिल्ह्यात विमान एका घरावर कोसळलं. वैमानिक वाचला, गावातल्या महिला गेल्या.

मराठी माणसाला यातलं एक नाव नीट आठवतं. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडहून रात्री उड्डाण करताच त्यांचं मिग-२१ कोसळलं. ठपका वैमानिकावर ठेवला गेला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते मानलं नाही. त्या प्रश्न विचारत राहिल्या, पत्रं लिहीत राहिल्या. मुलगा परत येणार नव्हता. पण दुसऱ्याचा जाऊ नये आणि आपल्याच्या नावावर खोटा डाग राहू नये, एवढ्यासाठी. २००६ मध्ये 'रंग दे बसंती' चित्रपट आला तेव्हा मिगचे अपघात पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले, आणि 'उडती शवपेटी' हा शब्दही.

त्याच सुमाराचा एक प्रसंग. सातवीच्या वर्गात एका मुलाने उभं राहून विचारलं, "बाई, माझे पप्पा बनवतात ती विमानं पडतात का?" वर्ग एकदम शांत झाला, कारण अर्ध्या वर्गाचे पप्पा तिथेच होते. मी त्याला म्हटलं, "पप्पांना माझा निरोप सांग, वर्गावर येऊन मुलांना सांगा." ते खरंच आले. तपासणी विभागात होते. फळ्यावर विमान काढलं आणि एक भाग किती वेळा आणि किती जणांकडून तपासला जातो ते समजावून सांगितलं. प्रत्येक कामाखाली करणाऱ्याची सही असते, हेही सांगितलं. मुलं खूश झाली. मग बाहेर व्हरांड्यात चहा घेताना हळूच म्हणाले, "बाई, विमान पडल्याची बातमी आली की आम्ही आधी वैमानिक वाचला का ते विचारतो. आणि मग नंबर. पेपरात नंबर नसतो, पण आम्हाला कळतो. आपल्या हातचं असलं तर त्या दिवशी जेवण जात नाही." हे बोलून त्यांनी कप खाली ठेवला आणि निघून गेले. 'उडती शवपेटी' हा शब्द लिहिणाऱ्याला शवपेटी बनवणाऱ्याचंही घर असतं, हे बहुधा सुचत नसावं.

मग ही विमानं पडली का? मी तंत्रज्ञ नाही, पण या विषयावर जे जे वाचायला मिळालं त्यावरून चित्र बरंचसं स्पष्ट आहे. एकच इंजिन, ते बंद पडलं की दुसरं नाही. पंख छोटे, त्यामुळे उतरतानाही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे. थांबायला मागे पॅराशूट सोडावं लागे. चूक सुधारायला वेळ सेकंदांत. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटल्यावर सुट्या भागांचेही हाल झाले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रशिक्षण. कोवळी पोरं किरणसारख्या सौम्य विमानावर शिकत आणि तिथून थेट मिग-२१ वर जात. म्हणजे लूनावरून उतरून एकदम शर्यतीच्या मोटारसायकलवर! मधली पायरी म्हणून प्रगत प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच केली होती. ते हॉक विमान वायुसेनेत रीतसर दाखल झालं २००८ मध्ये, बीदरला. मधे सव्वीस वर्षं गेली. सव्वीस वर्षांत मी एका कुटुंबाच्या दोन पिढ्या शिकवल्या.

आणि मिगच्या जागी येणारं स्वदेशी विमान? तेजसच्या प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली. पहिलं उड्डाण जानेवारी २००१ मध्ये. पहिली तुकडी उभी राहिली २०१६ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही काम कोणी केलं? म्हाताऱ्या मिगने. झटकन जाऊन झटकन येण्यासाठी जन्मलेल्या विमानाला आपण जमिनीवर बॉम्ब टाकायला लावलं, प्रशिक्षण द्यायला लावलं, सीमा राखायला लावलं, आणि निवृत्तीची तारीख पुढे पुढे ढकलत राहिलो. घरातला एखादा म्हातारा कर्ता माणूस असतो ना, ज्याच्याशिवाय चालत नाही म्हणून त्याला कोणी बसू देत नाही, आणि मग तो पडला की सगळे म्हणतात, वय झालं होतं, जपायला हवं होतं. तसंच हे. माझ्या मते मिग-२१ च्या इतिहासातला खरा प्रश्न ते चांगलं होतं की वाईट, हा नाहीच. आपण त्याला वेळेवर निवृत्त का करू शकलो नाही, हा आहे. आणि त्याचं उत्तर ना वैमानिकाकडे आहे, ना ओझरच्या फिटरकडे. ते दिल्लीतल्या फायलींत आहे.

काही वर्षांपूर्वी नातवाबरोबर दिल्लीत पालमचं वायुसेना संग्रहालय पाहिलं. बाहेर मोकळ्यावर उभं असलेलं मिग-२१ बघून मी चकित झाले ते त्याच्या लहानपणाने. दोन पंखांच्या टोकांमधलं अंतर सात मीटरच्या जरा वर. म्हणजे आमच्या शाळेचा एक वर्ग. एवढ्याशा जागेत हा सगळा इतिहास! पोटाजवळ वाकून बघितलं तर रिव्हेटच्या रांगा दिसल्या. अगदी सरळ, एकसारख्या अंतरावर, पाटीवर शून्यं गिरवल्यासारख्या. नातू समोरून फोटो काढत होता आणि मी त्या रांगा बघत होते. त्याने विचारलं, "आजी, तिथे काय आहे?" मी म्हटलं, "शुद्धलेखन." त्याला कळलं नाही, पण तुम्हाला कळेल.

अशी निवृत्त विमानं आता देशभर चौकांत, संस्थांच्या दारात, संग्रहालयांत उभी आहेत, आणि आणखी येतील. त्यांच्याजवळच्या पाट्यांवर वेग, उंची, लांबी, शस्त्रं असं सगळं असतं. मुलं ते वहीत उतरवून घेतात. मला विचाराल तर त्या पाटीवर आणखी तीन ओळी हव्यात. एक, हे कुठे आणि कोणत्या हातांनी बनलं. दोन, यात किती माणसं गेली. तीन, याच्या जागी दुसरं यायला किती वर्षं लागली आणि का. पहिल्या ओळीने मुलांना अभिमान वाटेल, दुसरीने मान खाली जाईल, आणि तिसरीने ती प्रश्न विचारतील. इतिहासाच्या तासाला याहून जास्त काय हवं? अभिमान आणि दुःख एकाच पाटीवर मावत नाहीत असं नाही. कित्येक घरांतल्या तसबिरींत ती मावलेलीच आहेत.

निरोपानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरहून तेजस मार्क १-ए या नव्या विमानाने पहिलं उड्डाण केलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तेजसच्या नव्या उत्पादन साखळीचं उद्घाटन केलं. म्हणजे मिगच्या जागी येणारी विमानं आता मिगच्याच गावात बनणार आहेत. ज्यांचे आजोबा खोक्यांतून आलेले सोव्हिएत भाग जोडत होते, त्यांच्यातली काही नातवंडं आता तिथे कामाला असतील. आनंद आहेच. फक्त एवढंच वाटतं, की या विमानाची निवृत्तीची तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवावी आणि ती पाळावी.

जाता जाता एक विनंती. आपल्या नात्यागोत्यात, शेजारीपाजारी 'मिगमध्ये' असलेले पुष्कळ जण आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गुपितं विचारू नका, ती ते सांगणारही नाहीत! पण पहिल्या दिवशी कारखान्यात काय वाटलं, रशियन साहेबाशी कोणत्या भाषेत बोलायचे, पहिलं विमान उडताना कुठे उभे होते, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. विमानं संग्रहालयात जातात. या माणसांसाठी संग्रहालय नाही. तुमची वहीच त्यांची पाटी.

असो. बरंच लांबलं. थांबते.